जागा कुणाची ते आधी बघा

वाचकांचे कायद्याचे प्रश्न

गेल्या महिन्यात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं की कचऱ्याबद्दल काही अडचण असेल तर कळवा, आणि पत्रं, मेसेज, व्हॉईस नोट असं मिळून इतकं आलं की सगळ्यांना उत्तर देणं या दोन-चार पानांत शक्यच नाही. त्यातले जे प्रश्न जास्त जणांच्या उपयोगाचे वाटले ते घेतलेत. नावं आणि गावं काढलीत, कारण बऱ्याच जणांनी खाली लिहिलंय की ताई आमचं नाव छापू नका, आम्हाला त्याच गल्लीत राहायचंय.

एक गोष्ट सगळ्यांनाच सांगते. कचरा कुणी टाकला यावर आपण भांडत बसतो, पण तक्रार कुठं करायची हे त्यावरून ठरत नाही, कचरा पडलाय ती जागा कुणाची यावरून ठरतं. महापालिकेचा रस्ता, कुणाचा खासगी प्लॉट, गायरान, ओढा, हायवेची हद्द, प्रत्येकाचं दार वेगळं आहे. चुकीच्या दारात सहा महिने हेलपाटे मारले की माणूस थकतो आणि मग म्हणतो कायदाच नाही. कायदा आहे, भरपूर आहे.

वकीलताई नमस्कार. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. मागच्या दिवाळीपासून रात्री दहा-अकराच्या पुढं ट्रॅक्टर येतेत अन् आमच्या गायरानात ओढ्याच्या काठाला कचरा पालथा करून जातेत. नगरपरिषदेच्या ठेकेदाराचे ट्रॅक्टर आहेत असं ड्रायव्हरच बोलला. ओढा पुढं पाझर तलावाला मिळतो. दोन गायी मेल्या, पोटात नुसती पन्नी निघाली. सरपंच म्हणतेत माझ्या हातात काही नाही, पोलीस म्हणायलेत हे नगरपरिषदेचं काम, नगरपरिषद म्हणायली ट्रॅक्टर आमचा नाहीच. आम्ही पोरांनी एकदा ट्रॅक्टर अडवला तर उलट आमच्यावरच गुन्हा दाखल करू म्हणले. काय करावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गायी गेल्या त्याचं फार वाईट वाटलं, दुभतं जनावर गेलं की घरातला कर्ता माणूस गेल्यासारखं असतं.

आधी ट्रॅक्टर अडवण्याचं बोलू. राग येणार, आलाच पाहिजे, पण रात्री अंधारात पोरांनी गाडी अडवली, ड्रायव्हरला कुणी एक चापट मारली की केस तुमच्यावर होते आणि कचऱ्याचा विषय बाजूला पडतो. आपल्या छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण बघा. नारेगावला तीस वर्षांहून जास्त काळ अख्ख्या शहराचा कचरा पडत होता, फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या आजूबाजूच्या गावांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर कचरा साचला, मग पर्यायी जागा शोधता शोधता मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला, लोकांवर गुन्हे दाखल झाले. गावांचं म्हणणं अगदी खरं होतं, त्यांनी वर्षानुवर्षं वास आणि धूर सोसला होता. पण नारेगावला कचरा टाकायचा नाही अशी मनाई शेवटी आली ती हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून, याचिका आणि कागदपत्रांवर. म्हणून म्हणते, अडवू नका, नोंदवा. गाडीचा नंबर, वेळ, तारीख, लोकेशन चालू ठेवून काढलेला फोटो. दहा रात्रींच्या दहा नोंदी एका वहीत लिहा आणि प्रत्येक नोंदीखाली दोघांच्या सह्या घ्या.

आता जागा. गायरान ही सरकारी जमीन आहे, म्हणजे तहसीलदारांचा संबंध आला. गावच्या हद्दीत आहे आणि स्वच्छता हे ग्रामपंचायतीचंच काम आहे, म्हणून सरपंचांचं "माझ्या हातात काही नाही" हे काही मला पटलं नाही, ग्रामसभेचा ठराव करून तो वर पाठवणं तर नक्कीच त्यांच्या हातात आहे. ओढा आहे, पुढं तलाव आहे, म्हणजे पाणी आलं, मग प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. आणि कचरा शहराचा असेल तर नगरपरिषद आलीच. बघा, चार दारं झाली.

नियम काय म्हणतो ते समजून घ्या म्हणजे साहेबासमोर बोलता येतं. घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम ८ एप्रिल २०१६ ला आले (१ एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) त्यात शहरानं आपला कचरा वेगळा करून गोळा करायचा, त्यावर प्रक्रिया करायची आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही तेवढाच शास्त्रीय पद्धतीच्या भरावात टाकायचा असं सांगितलं होतं. त्या नियमांत तो भरावसुद्धा कुठंही नाही, नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, वस्ती, महामार्ग आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब, आणि परवानगीनं. ओढ्याच्या काठाला रात्री पालथा केलेला ट्रॅक्टर यातल्या कुठल्याच कलमात बसत नाही. त्या जागेला कुणी कचरा डेपो म्हणत असेल तर मंजुरीचा कागद मागा.

आता शिक्षा काय तेही सांगते. हे नियम पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली आलेत. त्या कायद्यात पूर्वी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. १ एप्रिल २०२४ पासून नियम मोडल्याबद्दलची कैद काढली आणि दंड १० हजार ते १५ लाख रुपये केला. काही जणांना वाटतं कायदा ढिला झाला. मला नाही तसं वाटत, कैद कागदावर होती, कचऱ्यापायी आत गेलेला माणूस माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत मी तरी पाहिला नाही, पण १५ लाखांचा आकडा ठेकेदाराला लागतो. पोलिसांकडं भारतीय न्याय संहितेची कलमं आहेत: सार्वजनिक उपद्रवाला २९२ खाली १ हजारापर्यंत दंड, आणि लोक वापरतात तो सार्वजनिक झरा किंवा जलसाठा घाण केला तर २७९ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा पाझर तलाव गाव वापरत असेल तर हे २७९ तक्रारीत नाव घेऊन लिहा. पोलीस "आमचं काम नाही" म्हणाले की कलम दाखवायचं.

आता करायचं काय ते क्रमानं सांगते. तलाठी आणि ग्रामसेवकांना बोलावून जागेचा पंचनामा करून घ्या. पुढचं जनावर आजारी पडलं तर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून लेखी घ्या, मेलं तर शवविच्छेदन केल्याशिवाय पुरू नका, कारण पन्नी निघाली हे तुम्ही सांगताय आणि डॉक्टरनं लिहून दिलंय यात कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तलावाच्या आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. मग सगळ्याच्या झेरॉक्स जोडून एकच अर्ज, चार प्रती: तहसीलदार, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पोलीस स्टेशन. आवक-जावकला देऊन पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही, नुसतं "ठेवा तिथं" म्हणलं की ठेवून यायचं नाही.

सोबत नगरपरिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात विचारा: कचरा वाहतुकीच्या ठेक्याची प्रत, ठेक्यावरच्या गाड्यांचे नंबर, वजनकाट्याच्या पावत्या आणि कचरा शेवटी कुठं उतरवला त्याची नोंद. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर पावत्या असणारच, आणि तुमच्या वहीतला नंबर त्या यादीत सापडला की "ट्रॅक्टर आमचा नाहीच" हे संपलं.

एवढं करून महिना-दीड महिन्यात हललं नाही तर एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, साहेबांकडं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करा. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, १३३. उपद्रव ठराविक मुदतीत हटवा असा सशर्त आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, आणि हो, नगरपरिषदेलाही देऊ शकतात. मध्य प्रदेशातल्या रतलामला असंच झालं होतं, एका वस्तीतले लोक नाल्यांच्या घाणीला कंटाळून दंडाधिकाऱ्याकडं गेले, आदेश झाला, नगरपरिषद म्हणाली आमच्याकडं पैसे नाहीत, प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या पीठानं सांगितलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. तो निकाल अजून भक्कम उभा आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.

शेवटचं दार म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद, पर्यावरणाच्या वादांचं वेगळं न्यायपीठ, आपल्यासाठी त्याचं पुण्याचं पीठ. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १ हजार रुपये आहे. पण मुदत लक्षात ठेवा, वाद सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत जावं लागतं, भरपाई मागायची असेल तर ५ वर्षं. दिवाळीपासून चालू आहे म्हणालात, म्हणजे ६ महिन्यांचं गणित आजच घाला. आणि गायींची भरपाई मागायचीच, लाजायचं नाही.

आमच्या बाजूला एक रिकामा प्लॉट आहे, मालक पुण्याला राहतो. अख्खी कॉलनी तिथं कचरा टाकते, डुकरं, कुत्री, पावसाळ्यात तर दारं उघडता येत नाहीत. मालक म्हणतो मी थोडाच टाकतो. महापालिका म्हणते खासगी जागा आहे. — एक शिक्षिका, लातूर

ताई, दोघंही अर्धंच खरं बोलतात. जागा खासगी असली तरी ती घाण आणि रोगराईचं ठिकाण झाली की मालकाला नोटीस देऊन साफ करायला लावायचा अधिकार महापालिकेला आहे, त्यानं नाही केलं तर महापालिका स्वतः साफ करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे मालकाला सुटका नाही, त्याला कुंपण घालावंच लागेल. पण खरे दोषी कॉलनीतले लोक आहेत हे पण खरं. आपल्या घरातला कचरा रस्त्यावर, घराबाहेरच्या मोकळ्या जागेत, नालीत किंवा पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही, असं २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घरावर बंधन घातलं होतं. घराघरावर, फक्त दुकानदारांवर नाही.

अर्ज स्वच्छता निरीक्षकांना द्या, प्रत आयुक्तांना. मालकाचं नाव-पत्ता महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत असतो, तो तुम्ही शोधत बसू नका, नोटीस पाठवणं त्यांचं काम आहे. अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा, एक मालकाला नोटीस आणि दुसरी टाकणाऱ्यांवर दंड. एकच लिहिली की दुसरी राहून जाते.

त्यानं पण नाही झालं तर एक दार आहे जे फार कमी लोकांना माहीत आहे, स्थायी लोकअदालत. आपण राष्ट्रीय लोकअदालत ऐकलेली असते, तीन-चार महिन्यांनी भरणारी, ही ती नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात सार्वजनिक सेवांबद्दलचे वाद मिटवायला ही वेगळी सोय आहे आणि त्या सेवांच्या यादीत सार्वजनिक स्वच्छता हा शब्द स्पष्ट आहे. कोर्ट फी नाही, वकील नसला तरी चालतं, आणि तडजोड झाली नाही तर निकाल देण्याचा अधिकारही आहे. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा, ते कुठं आणि कसा अर्ज करायचा ते सांगतात. मला स्वतःला वाटतं की कॉलनीच्या भांडणाला ही जागा सगळ्यात चांगली, कारण तिथं शेजारी शेजाऱ्याचा वैरी होत नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की भिंतीवर देवांच्या फरशा लावू का. नका लावू. आमच्या गल्लीत लावल्या होत्या, कचरा दहा फूट पुढं सरकला आणि ज्या घरापुढं सरकला त्यांनी भांडण काढलं.

रस्त्यावर पिशवी टाकताना मला पकडलं अन् ५०० रुपये मागितले, पावती मागितली तर म्हणले पावतीबुक संपलंय. मी २०० देऊन सुटलो. हे बरोबर आहे का? — एक वाचक, मराठवाड्यातलं एक शहर

पिशवी टाकली हे चुकलंच दादा, ते आधी. पण पावतीशिवाय दिलेले २०० रुपये दंड नाही, ते कशात मोडतं ते तुम्हाला कळतं.

डिसेंबर २०१७ मध्ये राज्याच्या नगरविकास खात्यानं जागेवरच्या दंडाचे दर ठरवले. आपल्या भागातल्या नांदेड, लातूर, परभणीसारख्या छोट्या वर्गातल्या महापालिका आणि नगरपरिषदा यांच्यासाठी रस्त्यावर घाण टाकली तर १५०, थुंकलं तर १००, उघड्यावर लघवी १००, उघड्यावर शौच ५००. मोठ्या वर्गातल्या महापालिकांना घाण टाकण्याला १८०, थुंकण्याला १५०. पण यावर थांबू नका, कारण महापालिका आपल्या उपविधीनं, म्हणजे स्वतःच्या स्थानिक नियमांनी, वेगळे दर लावू शकते, म्हणून तुमच्या शहरात आज काय दर आहे ते ठरावाची प्रत बघूनच कळेल. दंड घेणाऱ्यानं ओळखपत्र दाखवलं पाहिजे आणि पावतीवर कशाबद्दल, किती, कधी हे असलं पाहिजे. पावतीबुक नसेल तर म्हणायचं, माझं नाव-पत्ता लिहून घ्या, मी उद्या ऑफिसात येऊन भरतो. नाव खोटं सांगायचं नाही. आणि दंड मान्यच नसेल तर भरू नका, ते कोर्टात खटला पाठवू शकतात, तिथं तुमचं म्हणणं मांडता येतं. १५० रुपयांसाठी कोर्टात जावं का हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मला हे दर फार कमी वाटतात. दीडशे रुपयांत माणूस सुधारत नाही, तो फक्त पुढच्या वेळी इकडंतिकडं बघून टाकतो.

शेजाऱ्यानं जुना वाडा पाडला, सगळा मलबा दोन महिने रस्त्यावर. रात्री माझे वडील गाडीवरून पडले. — बीड

काका आता बरे असतील अशी आशा करते. पाडकामाच्या मलब्याचे वेगळे नियम २९ मार्च २०१६ ला आले, १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम लागू झाले. मलबा स्वतःच्या जागेत ठेवायचा किंवा नगरपरिषदेनं ठरवून दिलेल्या ठिकाणी न्यायचा, रस्ता अडवायचा नाही, नालीत ढकलायचा नाही. २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका कामात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त निघत असेल तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, विटा असं वेगळं करून आधी आराखडाही द्यावा लागायचा, पण एका वाड्याचं तेवढं होत नाही. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा किंवा धोका केला तर न्याय संहितेच्या २८५ खाली ५ हजारांपर्यंत दंड आहे. वडील पडले त्या दिवसाचा दवाखान्याचा कागद सांभाळा, भरपाई मागायची तर तोच पुरावा.

तक्रारीआधी एकदा शेजाऱ्याशी बोलून बघा. वाड्याचे दगड आणि पांढरी माती यांना आपल्याकडं गिऱ्हाईक असतं, जोत्यात भर घालायला कुणी ना कुणी शोधतच असतं, कधी कधी फुकट उचलून नेतात.

सकाळी फिरायला जाते तेव्हा झाडणाऱ्या बायकाच कचऱ्याचा ढीग करून पेटवतात. मला दमा आहे. कुणावर तक्रार करू, त्या गरीब बायकांवर? — नांदेड

नाही, त्यांच्यावर नको. त्यांना ढकलगाडी मिळत नाही, गाडी वेळेवर येत नाही आणि मुकादम म्हणतो रस्ता साफ दिसला पाहिजे, मग त्या पेटवतात आणि तो धूर सगळ्यात आधी त्यांच्याच छातीत जातो. तक्रार आरोग्य विभागाच्या नावानं करा आणि लिहा की कामगारांना साधनं द्या.

कायदा स्पष्ट आहे. २२ डिसेंबर २०१६ ला हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली, साधं जाळणं ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणं २५ हजार रुपये. हे दीडशे रुपयांपेक्षा किती वेगळं आहे बघा, आणि हे बहुतेकांना माहीतच नाही. कचरा डेपोवर आग लागते, दोन-दोन दिवस धुमसते, तिथं पण हाच आदेश सांगायचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोटोसह प्रत पाठवा आणि डॉक्टरांचं दम्याचं प्रिस्क्रिप्शन जोडा.

आमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या मागं सलाईनच्या नळ्या, सुया, रक्ताचा कापूस उघड्यावर पडतो. लहान लेकरं तिथंच खेळतात.

आजच तक्रार करा, हे पत्र छापून येईपर्यंत थांबायला नको होतं. म्हणूनच तुम्हाला मी आधी फोन करून सांगितलंय, बाकीच्यांसाठी इथं लिहिते. दवाखान्याचा कचरा साध्या घंटागाडीत द्यायलाच परवानगी नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २८ मार्च २०१६ चे आहेत, मोठं हॉस्पिटल असो की एका खोलीतला दवाखाना असो, पॅथॉलॉजी लॅब असो की जनावरांचा दवाखाना, सगळ्यांना लागू. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी विभागणी, सुया पांढऱ्या टोचल्या न जाणाऱ्या डब्यात, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. पिशव्यांवर बारकोड असतो, फोटोत तो आला पाहिजे, म्हणजे पिशवी कुणाची हे वादातच राहत नाही. हात लावू नका, काठीनंही उचकू नका. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं, प्रत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. दंड वर सांगितला तोच, १० हजार ते १५ लाख. निष्काळजीपणानं जीवघेणा रोग पसरू शकतो असं काम केलं तर न्याय संहितेचं २७१ लागतं, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनो, तुमच्या सुया पण. जाड झाकणाच्या बरणीत साठवा आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळ्या द्या. त्याच्या हाताला मोजे नसतात.

माझं किराणा दुकान आहे. कॅरीबॅग सापडल्या म्हणून ५ हजार दंड केला. व्यापारी म्हणला होता १२० मायक्रॉनची चालते. — जालना

केंद्राच्या नियमात पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी अशी अट आहे, ३१ डिसेंबर २०२२ पासून. पण आपल्या राज्याची स्वतंत्र अधिसूचना आहे २३ मार्च २०१८ ची, ती जास्त कडक आहे, त्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदीच आहे, हँडल असो की नसो. त्यामुळे दंड बरोबर. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि ३ महिन्यांपर्यंत कैद. पावती जपून ठेवा, कितवी वेळ हे त्यावरून ठरतं. व्यापाऱ्यानं फसवलं हे खरं, त्याच्या बिलासह त्याची तक्रार करा. बिल घेतलं असेल तर.

मुलीचं लग्न शेतात मांडव टाकून आहे, हजारेक माणूस येईल. पत्रावळ्या अन् उरलेलं अन्न कुठं टाकावं? आधी परवानगी लागते का?

काका, आधी अभिनंदन. तुम्ही आधी विचारलंत हेच मला फार आवडलं. परवाना नसलेल्या जागेवर १०० पेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर स्थानिक संस्थेला, म्हणजे तुमच्या बाबतीत ग्रामपंचायतीला, किमान ३ कामाचे दिवस आधी कळवायचं असतं आणि कचरा वेगळा करून द्यायची जबाबदारी यजमानाची. साध्या कागदावर अर्ज लिहून पोच घ्या. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे, पळसाच्या किंवा कागदी पत्रावळ्या घ्या, पण कागदीला आतून प्लास्टिकचा थर नाही ना बघा. आचाऱ्याला आधीच सांगून शेताच्या कडेला खड्डा करून ठेवा, पानं आणि अन्न त्यात, वर माती आणि शेण, पावसाळ्यापर्यंत खत होतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि ग्लास यात टाकायचे नाहीत, शक्य असेल तर जारच ठेवा आणि स्टीलचे पेले. उरलेलं गोड जनावरांना एकदम घालू नका, पोट फुगून मरतात.

ग्रामपंचायतीनं "कचरा टाकल्यास ५००० रु. दंड" असा बोर्ड लावलाय. खरंच घेता येतो का?

नुसत्या बोर्डानं नाही. मागं उपविधीचा आधार पाहिजे, ठरावाची नोंद पाहिजे. ग्रामपंचायतीत जाऊन तो ठराव मागून बघा, नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय ठेवायला सांगा. दंडाशिवाय पण होतं हे सांगते, वाळूजजवळचं पाटोदा गाव बघून या, भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथं कर भरणाऱ्याला दळण मोफत अशी सोय केली, ओला-सुका कचरा वेगळा होतो. एक जीप करून सदस्यांना घेऊन जा, फोटो दाखवून जे पटत नाही ते बघून पटतं.

कचरा टाकणाऱ्याचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला तर चालतं का?

काढा, पण ग्रुपवर टाकू नका, आधी अर्जासोबत द्या. ग्रुपवर खाली लोक काय काय लिहितात ते तुमच्या हातात राहत नाही, मग समोरचा अब्रूनुकसानीची नोटीस पाठवतो आणि तुम्ही कचरा सोडून त्याच्या मागं लागता. व्हिडिओत लहान मूल असेल तर अजिबात नको. मूळ फाईल मोबाईलमधून डिलीट करू नका, व्हॉट्सअॅपवरून आलेली कॉपी आणि मूळ फाईल यात पुरावा म्हणून फरक पडतो.

चिकन सेंटरच्या पिसांबद्दल, हायवेच्या कडेच्या ढाब्यांबद्दल आणि नदीत सोडलेल्या मैल्याबद्दल बरीच पत्रं आहेत, ती पुढच्या अंकात घेते. परभणीच्या त्या गावातल्या पोरांनी वही सुरू केली की मला एका पानाचा फोटो पाठवा, तारीख आणि सह्या बरोबर आहेत का ते बघून सांगते.